ईम: १६६६ मध्ये स्वतःची वेस बंद करणारं गाव, एका दिवसात नीट कसं पाहावं

डर्बीशर परगण्यात, पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, शेफील्डपासून वीसेक किलोमीटरवर हे गाव आहे. रोमन लिपीतलं नाव वाचून 'एयाम' म्हणावंसं वाटतं; स्थानिक उच्चार मात्र सरळ 'ईम'. एक मुख्य रस्ता, चुनखडकाची राखाडी घरं, मधोमध चर्च, मागे उत्तरेला चढत गेलेला डोंगर. इंग्लंडमध्ये याहून देखणी गावं पुष्कळ आहेत. ईमला जायचं ते सतराव्या शतकातल्या एका विलगीकरणाची पूर्ण मांडणी पायाखालून घालायला. रोग कुठल्या घरात आला, कुठून कुठे गेला, गावाची शीव कुठे ठरली, पैसे कुठे ठेवले जात, माणसं कुठे पुरली, या सगळ्या जागा आजही आहेत आणि त्यांच्यातली अंतरं तीच आहेत.

म्हणून आधी निकाल सांगून टाकतो. पूर्ण दिवस देणार असाल आणि चालायची तयारी असेल, तर पाचपैकी पाच. मोटारीतून उतरून चर्च आणि 'प्लेग कॉटेज' बघून तासाभरात निघणार असाल, तर पाचपैकी दोन. तेवढ्या वेळात ईम म्हणजे पाट्या लावलेल्या घरांची एक रांग, एवढंच हाती लागतं. खरं गाव वेशीबाहेरच्या तीन जागांमध्ये आहे, आणि बरेच लोक तिथवर जातच नाहीत.

आधी घटनाक्रम, कारण तो डोक्यात नसेल तर जागा बोलत नाहीत. १६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगचं थैमान चालू होतं. ऑगस्टच्या अखेरीस ईममधल्या अलेक्झांडर हॅडफील्ड या शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. त्याच्याकडे काम करणाऱ्या जॉर्ज व्हिकर्सने तो सोडला. कापड दमट लागलं म्हणून चुलीसमोर वाळत घातलं. कापडात पिसवा होत्या. ७ सप्टेंबर १६६५ ला व्हिकर्स गेला. पाठोपाठ त्याच घरातली मुलं, मग शेजारची घरं. थंडीत मृत्यू कमी झाले, वसंतात लोकांना वाटलं सुटलो, आणि १६६६ च्या जूनपासून रोग दुप्पट जोराने उलटला. त्या वर्षीच्या एकट्या ऑगस्टमध्ये सत्तराहून अधिक माणसं दगावली. शेवटचा मृत्यू १ नोव्हेंबर १६६६ चा. चौदा महिन्यांत सुमारे २६० बळी.

गाव बंद झालं ते जून १६६६ मध्ये, म्हणजे पहिल्या मृत्यूनंतर नऊ महिन्यांनी. ही तारीख लक्षात ठेवाच, कारण गोष्ट ऐकताना लोक समजतात की पहिला माणूस गेला आणि दुसऱ्या दिवशी वेस बंद झाली. निर्णय घडवून आणला दोघांनी. विल्यम मॉम्पेसन हा अठ्ठावीस वर्षांचा नवा धर्मगुरू, १६६४ मध्ये आलेला, गावाला अजून परका. दुसरा थॉमस स्टॅन्ली, आधीचा धर्मगुरू. १६६२ च्या धार्मिक कायद्यापुढे मान न तुकवल्यामुळे पदावरून गेलेला, पण गावाचा विश्वास त्याच्यावर. दोघांचं एकमेकांशी पटण्याचं काही कारण नव्हतं. तरी दोघं एकत्र उभे राहिले, म्हणून गावाने ऐकलं. तीन गोष्टी ठरल्या. चर्चमधले अंत्यविधी बंद, ज्याचा मृत त्याने आपल्या शेतात किंवा परड्यात पुरायचा. चर्चला कुलूप, प्रार्थना उघड्यावर, कुटुंबं एकमेकांपासून लांब उभी. आणि गावाच्या शिवेबाहेर कोणी जायचं नाही. बदल्यात जवळच्या चॅट्सवर्थहून डेव्हनशरच्या अर्लने अन्न-औषध पुरवण्याची व्यवस्था केली.

पाहण्याचा क्रम आमच्या मते असा: म्युझियम, मग चर्च, मग चर्च स्ट्रीटवरची घरं, मग पूर्वेला रायली ग्रेव्ह्ज, आणि शेवटी दक्षिणेचा शिवेचा दगड. मॉम्पेसनची विहीर अंगात दम आणि हातात वेळ असेल तरच. चालायला एकूण आठ-नऊ किलोमीटर, विहीर धरून दहाच्या पुढे. सकाळी साडेदहाला सुरुवात केली तर संध्याकाळी पाचपर्यंत आरामात होतं.

म्युझियम हॉकहिल रोडवर, मोटारतळाच्या समोरच आहे. पूर्वीच्या मेथडिस्ट चॅपेलच्या इमारतीत १९९४ मध्ये ते सुरू झालं. छपरावर पाहा: वातकुक्कुट आहे, पण कोंबड्याच्या जागी उंदीर बसवलाय. मूळ संग्रह क्लॅरन्स डॅनियल या स्थानिक इतिहासकाराचा. तो त्याने वर्षानुवर्षं आपल्या घरात जमवला होता. जागा लहान आहे, मांडणी मजकुराच्या फलकांवर आणि पुतळ्यांच्या देखाव्यांवर उभी आहे, हात लावून चालवायच्या स्क्रीनची अपेक्षा ठेवू नका. तरी इथे आधी यायचं कारण म्हणजे नावं. कुठल्या घरातला कोण, कुठल्या तारखेला गेला, कोण वाचला, हे इथे कुटुंबवार कळतं. एकदा ती नावं वाचली की मग रस्त्यावरच्या घरांवरच्या पाट्या आपोआप जोडल्या जातात. उलट क्रमाने गेलात तर पाटीवरची नऊ नावं ही नुसती नऊ नावंच राहतात. वरच्या भागात शिशाच्या खाणी, दगड, जीवाश्म आणि गावातले जुने उद्योग आहेत. लोक घाईघाईने तिथून निघतात, तसं करू नका. हे गाव शिशावर उभं राहिलं, आणि खाणीत काम करणाऱ्या माणसांना खोदायची सवय होती. अंगणात स्वतःच्या हातांनी कबर खणायची वेळ आली, तेव्हा कुदळ-फावडं घरातच होतं. म्युझियमला तास-सव्वा तास द्या.

दोन अडचणी. हिवाळ्यात म्युझियम बंद असतं आणि हंगामातही सोमवारी बहुधा बंद, त्यामुळे निघण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर दिवस बघूनच तारीख ठरवा. आणि शाळा चालू असताना आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी मुलांच्या सहली येतात. दालनं अरुंद आहेत. पन्नास मुलं आत असली की फलक वाचणं अशक्य होतं. अशा वेळी आधी चर्च उरकून दुपारी परत या.

सेंट लॉरेन्स चर्च हा या गावाचा सगळ्यात भरलेला भाग. प्रवेश मोफत, दानपेटी दाराशी. आवारात शिरल्यावर आधी दगडी क्रॉस लागतो, सॅक्सन काळातला, आठव्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे आजच्या चर्चपेक्षाही जुना. नीट पाहिलं तर प्रमाण चुकल्यासारखं वाटतं: खांब आखूड आणि वरचा भाग मोठा. कारण खांबाचा वरचा तुकडा हरवलाय. हा क्रॉस दुर्लक्षित होऊन आवारात पडून होता. तुरुंगसुधारक जॉन हॉवर्ड १७८८ मध्ये इथे आला तेव्हा त्याने त्याकडे लक्ष वेधलं आणि मग तो उभा केला गेला. आडव्या भुजांवर देवदूत कोरलेत, खांबावर वेलबुट्टी. सकाळचं तिरपं ऊन असेल तरच कोरीवकाम उठून दिसतं. दुपारी सगळं सपाट होतं.

त्याच्या जवळच कॅथरिन मॉम्पेसनची कबर. धर्मगुरूची बायको, वय सत्तावीस. मुलांना यॉर्कशरला पाठवून ती नवऱ्याबरोबर मागे राहिली आणि २५ ऑगस्ट १६६६ ला गेली. परंपरा सांगते की आदल्या संध्याकाळी शेतातून फिरताना ती म्हणाली, हवेला किती गोड वास येतोय. आणि मॉम्पेसनच्या पोटात गोळा आला, कारण असा वास येणं हे रोगाचं लक्षण समजलं जाई. कबरीच्या दगडावर पंखांचं वाळूचं घड्याळ आणि कवटी कोरलीय, सोबत लॅटिन शब्द. घड्याळाजवळचा इशारा असा की सावध राहा, वेळ कुणाला ठाऊक नसते. चर्चमधले अंत्यविधी बंद असतानाही तिचं दफन मात्र चर्चच्या आवारात झालं. आवारात उभं राहून ही गोष्ट लक्षात घ्यावी. गावातल्या बाकीच्या आया-बहिणी शेतात आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकींवर दगडही नाही.

मुलांना बाहेर पाठवण्याबद्दलही लोक आज मॉम्पेसनला दोष देतात. शीव बंद व्हायच्या आधी पाठवलं, हे खरं. आणि ज्यांची बाहेर सोय होती अशी आणखीही काही कुटुंबं वेळेत निघून गेली, हेही खरं. मागे राहिले ते बहुतेक जायला जागा नसलेले. यामुळे त्यांचा निर्णय लहान होत नाही, पण 'अख्ख्या गावाने एकमताने' हे वाक्य जरा जपून वापरावं.

चर्चच्या दक्षिण भिंतीवर, दाराच्या वर, १७७५ चं सूर्यघड्याळ आहे. साधं तासांचं नाही: सूर्याची क्रांती, उंची, दिशा आणि जगातल्या लांबच्या ठिकाणांचं मध्यान्ह अशा कितीतरी रेघा एकाच फळीवर आहेत. वाचायचं असेल तर हिशेब हा असा. ईम ग्रिनिचच्या पश्चिमेला सुमारे पावणेदोन अंशांवर आहे, म्हणजे इथला सूर्य सहा-सात मिनिटं उशिराने माथ्यावर येतो. उन्हाळ्यात इंग्लंडचं घड्याळ वर एक तास पुढे केलेलं असतं. त्यात सूर्याच्या चालीतला ऋतूप्रमाणे होणारा फरक धरला, तर उन्हाळ्यात हे यंत्र मनगटावरच्या घड्याळापेक्षा तास ते सव्वा तास मागे दिसतं. यंत्र बिघडलंय असं समजून पुढे जाणारे पुष्कळ असतात. ते अगदी बरोबर चालतं.

आत तीन गोष्टी चुकवू नका. एक, मृतांच्या नोंदीची वही. दुसरी, मॉम्पेसनची म्हणून ओळखली जाणारी खुर्ची, पाठीवर त्याच्या नावाची सुरुवातीची अक्षरं, १६६५ आणि ईम असं कोरलेली. ती लिव्हरपूलच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात सापडून परत आली. तिसरी, १९८५ ची रंगीत काचेची खिडकी, जिच्यात सगळी गोष्ट प्रसंगांनी सांगितलीय. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांना आधी या खिडकीपाशी न्या, फलक नंतर. भिंतींवर वरच्या बाजूला जुनी चित्रं आहेत, इस्रायलच्या बारा वंशांची चिन्हं. मान वर केली नाही तर दिसतच नाहीत.

आणि क्रिकेटवेड्यांसाठी: आवारात हॅरी बॅगशॉची कबर शोधा. डर्बीशरकडून खेळलेला फलंदाज, पुढे पंच, १९२७ मध्ये गेला. दगडावर उडालेल्या बेल्ससकट स्टंप कोरलेत, आणि सगळ्यांत वर एक हात, तर्जनी वर केलेला. आऊट. प्लेगशी त्याचा काही संबंध नाही, पण एवढ्या मरणांच्या आवारात हा एक दगड माणसाला हसवतो आणि त्याच वेळी गप्पही करतो.

चर्चमधून बाहेर पडून पश्चिमेला वळलं की लगेच प्लेग कॉटेज. हेच ते शिंप्याचं घर. बाहेरच्या हिरव्या पाटीवर घरातल्या मृतांची नावं आहेत: व्हिकर्स, मग एडवर्ड आणि जोनाथन कूपर ही सावत्र मुलं, आणि पुढल्या ऑगस्टमध्ये स्वतः हॅडफील्ड. मुलांची आई मेरी तेवढी वाचली. शेजारच्या रोझ कॉटेजमध्ये थॉर्प कुटुंबातले नऊ जण राहत होते. नऊच्या नऊ गेले. समोरच्या बाजूला सिडॉल कुटुंबाचं घर. त्यांच्या एमॉटचं लग्न खालच्या स्टोनी मिडलटन गावच्या रोलंड टॉरशी ठरलं होतं. दोघं दुरूनच, दरीच्या दोन बाजूंनी एकमेकांना बघत, असं सांगतात. एमॉट एप्रिल १६६६ मध्ये गेली, हे नोंदीतलं. दरीपलीकडून बघण्याचा भाग परंपरेचा. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून ऐकल्या तरी हलायला होतं.

ही सगळी घरं आजही लोकांची राहती घरं आहेत. पाटी वाचा, रस्त्यावरून फोटो काढा; पण फाटक उघडून आत जाणं, खिडकीतून डोकावणं, मुलांना भिंतीवर बसवून फोटो काढणं टाळा. रस्ता अरुंद आहे, फुटपाथ काही ठिकाणी एकाच माणसापुरता आहे आणि दोन्ही बाजूंनी गाड्या येतात. फोटोसाठी मागे सरकताना लोकांचं गाडीकडे लक्ष नसतं.

पुढे ईम हॉल लागतो. प्लेगनंतर पाच-सहा वर्षांत, १६७१ च्या सुमाराला राइट कुटुंबाने बांधलेली हवेली. वास्तू खासगी आहे, आत जायला मिळेलच असं धरून चालू नका. अंगणातल्या दुकानांत चहा-नाश्ता मिळतो, तेवढा थांबा पुरे. समोरच्या हिरवळीवर खोडा आहे, पाय अडकवायचा लाकडी खोडा, आपल्या जुन्या गढ्यांत असायचा तसाच. रस्त्याच्या कडेला दगडी डोणी दिसतील. १५८८ मध्ये या गावाने डोंगरातलं पाणी नळांनी आणून डोणींत सोडलं. इंग्लंडमधल्या गावपातळीवरच्या सगळ्यात जुन्या पाणीयोजनांपैकी ही एक. गाव बंद केल्यावर गावकऱ्यांना पाण्यासाठी बाहेर जावं लागलं नाही याचं एक कारण या डोणी. बहुतेक पर्यटक त्यांना फुलझाडांच्या कुंड्या समजतात.

आता आकड्यांबद्दल थोडं, कारण इथे चुकीची माहिती सर्रास फिरते. 'साडेतीनशे वस्तीपैकी दोनशे साठ मेले, ऐंशीच वाचले' असं अनेक ठिकाणी लिहिलेलं सापडतं. मृतांचा आकडा पक्का आहे. मॉम्पेसनने २० नोव्हेंबर १६६६ च्या पत्रात ७६ कुटुंबांतले २५९ असा दिलाय आणि नोंदवही त्याच्याशी जुळते. वस्तीचा आकडा मात्र चुकलेला. कर आणि नोंदींवरून आता सातशेच्या आसपास धरली जाते. म्हणजे मृत्यू एक तृतीयांशाहून अधिक, चारातले तीन नव्हेत. हेही भयंकरच आहे, त्याला फुगवायची गरज नाही. दुसरी गोष्ट, २०१६ मध्ये संशोधकांनी याच नोंदवहीचं गणित मांडलं. त्यांच्या हिशेबाने बहुतेक लागण, साधारण चारातली तीन, माणसाकडून माणसाकडे गेलेली होती, उंदरांकडून थेट नव्हे. घराघरांत ती पसरत गेली. म्हणजे वेस बंद केल्याने बाहेरची गावं वाचली असतील, पण आतल्या कुटुंबांना एकमेकांपासून वाचवायला चर्च बंद करणं आणि ज्याने-त्याने आपला मृत पुरणं हे दोन नियम जास्त कामाचे होते.

पिसवांचा हा दुवा ईममधल्या कोणालाच माहीत नव्हता. तो कळायला मुंबई इलाख्यातली साथ यावी लागली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली लस आधी स्वतःला टोचली. मार्चमध्ये पुण्यात रुग्णसेवा करताना सावित्रीबाई गेल्या. आणि १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत उंदीर आणि पिसवांवरचा प्रयोग करून रोगाची वाट दाखवली. तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होतं. ईमच्या फलकांवर व्हिकर्स आणि दमट कापडाची जी गोष्ट आज आत्मविश्वासाने सांगितली जाते, तिच्यातलं शास्त्र असं आपल्याकडच्या साथीतून आलेलं आहे. मराठी वाचकाला इथे आणखी एक गोष्ट टोचते. पुण्यात रँडच्या कारभारात सोजीर घरात घुसून माणसं बाहेर काढत होते. ईममध्ये लोकांनीच ठरवलं आणि लोकांनीच पाळलं. तरीसुद्धा ईमची वेस फक्त पुण्याईवर टिकली असं नाही. बाहेरची गावंही ईमकरांना हुसकावत होती, आणि शिवेवर पाळीने पहारा होता.

रायली ग्रेव्ह्ज गावाच्या पूर्वेला. चौकातून ग्रिंडलफोर्डकडे जाणाऱ्या रस्त्याने निघून रायली लेनवर वर वळायचं. चढ आहे, पण वाट सोपी, एका बाजूला वीसेक मिनिटं. उघड्या शेतात दगडी गडग्याचं एक वर्तुळ, आत सहा उभे दगड आणि एक चौथऱ्याची कबर. एलिझाबेथ हॅनकॉकने ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे पुरली, एकटीने. मृताला हात लागू नये म्हणून पायाला कापड बांधून ओढत नेलं, असं सांगितलं जातं. ती स्वतः वाचली आणि शेफील्डला असलेल्या एका मुलाकडे गेली. मूळ कबरी उतारावर विखुरलेल्या होत्या, दगड नंतर एकत्र लावले असं मानतात. त्यामुळे 'हाच अमक्याचा खड्डा' असं धरू नका. जागा नॅशनल ट्रस्टकडे आहे, तिकीट नाही. दगडांवरच्या तारखा वाचता येतात. एका ओळीने वाचत गेलं की आठ दिवस पुरे होतात. इथून खाली दरी आणि स्टोनी मिडलटनची घरं दिसतात, म्हणजे तिथूनही ही बाई दिसत असणार.

मॉम्पेसनची विहीर उत्तरेला, डोंगरावर. नावाने फसू नका. ती विहीर नाही, दगडाखालचा छोटा झरा, भोवती कठडा. बाहेरचे लोक इथे सामान ठेवत आणि नाणी वाहत्या पाण्यात टाकली जात. जायला दीड किलोमीटरचा खडा चढ. वर वारा जोराचा असतो. पाहण्यासारखं तिथे आहे ते खालचं गाव, आणि त्यासाठीही आकाश स्वच्छ हवं. धुकं असेल तर खुशाल सोडा.

ज्यांना तारीख निवडता येते त्यांनी ऑगस्टचा शेवटचा आठवडा निवडावा. त्या दिवसांत गावात 'वेल ड्रेसिंग' असतं, म्हणजे विहिरी-पाणवठ्यांपाशी फुलांची चित्रं मांडून ते सजवणं. लाकडी चौकटी पाण्यात भिजवून त्यांत मीठ मिसळलेली ओली चिकणमाती थापतात. कागदावरचं चित्र टाचणीने टोचून मातीवर उतरवतात. बिया किंवा कॉफीच्या दाण्यांनी रेघा भरतात आणि मग पाकळ्या लावतात. पाकळ्या खालून वर, कौलांसारख्या एकीवर एक, म्हणजे पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. माती सुकली की चिरा पडतात आणि चित्र गळू लागतं, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत पाहिलेलं चांगलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्लेग संडे: कॅथरिनच्या कबरीवर लाल गुलाबांचं चक्र ठेवतात आणि मिरवणूक ककलेट डेल्फला जाते. ही चर्चच्या खालची चुनखडकाची घळ, नैसर्गिक कमानीची. १६६६ मध्ये उघड्यावरची प्रार्थना इथेच होत असे. जमीन खासगी आहे, त्यामुळे एरवी जायचं असेल तर गावात विचारून घ्या. त्या रविवारी मोटार ठेवायला जागा मिळत नाही. सकाळी दहाच्या आत पोचा किंवा बसने या.

येण्याजाण्याचं. मोटारीने ए-६२३ वरून स्टोनी मिडलटनपाशी वर वळायचं. हॉकहिल रोडवर पैसे भरायचा मोटारतळ आहे आणि त्याला लागून एक मोफत. मोफत जागा सुटीच्या दिवशी अकराच्या आत भरते. मुख्य रस्त्यावर गाडी लावू नका. शेफील्डहून थेट बस आहे, पण दिवसातल्या फेऱ्या मोजक्याच आणि रविवारचं वेळापत्रक वेगळं. परतीची शेवटची बस आदल्या रात्री पाहून ठेवा. रेल्वेने ग्रिंडलफोर्ड जवळचं, पण तिथून पाच-सहा किलोमीटर चढाची वाट. मोबाइलचं नेटवर्क दरीत जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. बूट पकडीचे हवेत: ओला चुनखडक साबणासारखा निसटतो, आणि शेतातल्या वाटा सप्टेंबरपासूनच चिखलाच्या. वाटेत फाटकं आणि गडग्यातल्या अरुंद फटी लागतात, बाबागाडी तिथून जात नाही. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला म्युझियमचा खालचा भाग, चर्च आणि मुख्य रस्ता जमतो, बाहेरच्या जागा जमत नाहीत.

शिवेचा दगड शेवटी ठेवा. चौकातून दक्षिणेला लिडगेटने निघायचं. नावातच गेट आहे. ही जुनी वेस, आणि इथेच रात्री पाळीने जागता पहारा असे. वाटेत जॉर्ज डार्बी आणि त्याची मुलगी मेरी यांच्या १६६६ च्या दोन कबरी लागतात, घरांच्या मधोमध. मग वस्ती संपते, गडगे सुरू होतात, आणि उताराच्या शेतवाटेने पंधरा-वीस मिनिटांत एक मोठा, बसका, बोजड दगड येतो. ना कठडा, ना तिकीट. माथ्यावर सहा भोकं. ईमकर त्यांत व्हिनेगर भरून पैसे ठेवत, बाजूला होत. खालच्या गावचे लोक येऊन पैसे घेत आणि भाकरी-मांस ठेवून जात. रोग नाण्यांतून जात नव्हता, पण व्यवहारात दोन माणसं समोरासमोर येत नव्हती, आणि काम केलं ते त्या अंतराने. भोकांच्या कडा इतक्या हातांनी गुळगुळीत झाल्यात की बोट आपोआप आत जातं. पाऊस पडून गेला असेल तर त्यांत पाणी साचलेलं असतं, तळाशी लोकांनी टाकलेली पेनीची नाणी. बस असेल तर इथून मागे फिरू नका. वाट तशीच खाली स्टोनी मिडलटनला उतरते, आणि थांबा मुख्य रस्त्यावरच आहे.